मोलुंगची मंडळी नक्की कोणी स्थापन केली?

डोंगरवाट

सर्वांना नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने मी अडीच वर्षे नागालँडमध्ये मोकोकचुंग येथे राहिलो. आसामच्या सपाटीवर आमगुरी किंवा मरियानी स्थानकात उतरून सुमोने घाट चढू लागले की आओ नागांचा मुलूख लागतो. तिथे गावे दरीत नसतात, डोंगरमाथ्यावर असतात, आणि गावातल्या सर्वांत उंच जागी हमखास चर्च उभे असते. या सगळ्या चर्चचे मूळ मोलुंगकिमोंग आणि मोलुंगयिमसेन या दोन गावांत आहे. आमच्या वाचनकट्ट्याच्या वार्षिक अंकासाठी मला त्यांच्यावर एक नोंद लिहायची आहे. नोंदीच्या चौकटीत ‘संस्थापक’ असा रकाना आहे आणि गेला महिनाभर माझे घोडे तिथेच अडले आहे.

इतिहास थोडक्यात असा. एडवर्ड विंटर क्लार्क आणि त्यांच्या पत्नी मेरी मीड क्लार्क हे बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे अमेरिकन दांपत्य १८६९ मध्ये शिवसागरला आले. त्यांच्याकडे मिशनच्या छापखान्याचे काम होते. हिवाळ्यात व्यापारासाठी डोंगर उतरणारे नागा त्यांना दिसत; पण वर जाण्याची ना परवानगी होती, ना भाषा येत होती. ती भाषा आधी शिकला गोधुला नावाचा आसामी प्रचारक. शिवसागरच्या आसपास राहणाऱ्या सुपोंगमेरेन या आओ माणसाकडून तो ती शिकला आणि १८७१ च्या पावसाळ्यानंतर त्याच्याबरोबर मोलुंगकिमोंगला गेला. या गावाला आसामी लोक देखाहाईमोंग म्हणत. गावकऱ्यांना तो कंपनी सरकारचा हेर वाटला, म्हणून त्याला एका झोपडीत ठेवून पहारा बसवला. गोधुलाने तिथे आसामी भजने म्हणायला सुरुवात केली आणि ती ऐकायला माणसे जमू लागली. पुढच्या वर्षी तो पत्नी लूसीसह त्याच गावात राहायला गेला. नोव्हेंबर १८७२ मध्ये नऊ जण त्याच्याबरोबर शिवसागरला उतरले आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर गावातले योद्धे क्लार्कना स्वतः वर घेऊन गेले, आणि २३ डिसेंबर १८७२ रोजी गावातच आणखी पंधरा जणांचा बाप्तिस्मा होऊन मंडळी, म्हणजे सभासदांचे स्थानिक चर्च, स्थापन झाली.

मार्च १८७६ मध्ये क्लार्क कायमचे वर राहायला गेले. गावात तेव्हा दोन तट पडलेले होते. शत्रुगावांवर छापे घालायचे की नाही, मुंडकी आणायची की नाही, हा वादाचा विषय होता. अखेर २४ ऑक्टोबर १८७६ रोजी सुमारे पंधरा कुटुंबे क्लार्कसह बाहेर पडली आणि त्यांनी मोलुंगयिमसेन बसवले. ‘यिम’ म्हणजे गाव आणि ‘सेन’ म्हणजे नवे.

आता रकान्यात नाव कोणाचे घालावे? क्लार्कचे, गोधुलाचे, की त्या पंधरा कुटुंबांचे? माझा कल कुटुंबांकडे आहे, पण आपली मते वाचूनच ठरवीन.

रानजाई

फार सुरेख माहिती. एक शंका आहे. पंधरा हा आकडा दोनदा आला आहे. २३ डिसेंबरला बाप्तिस्मा घेतलेले पंधरा जण आणि नवे गाव बसवणारी पंधरा कुटुंबे एकच, असे समजायचे का?

डोंगरवाट

रानजाई, शंका रास्त आहे आणि हा घोळ अनेकांच्या लिखाणातही होतो. दोन्ही पंधरा वेगळे आहेत. १८७२ चे नऊ आणि पंधरा मिळून चोवीस ही बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांची संख्या आहे. १८७६ चे पंधरा हे चुलीचे, म्हणजे घरांचे, मोजमाप आहे.

नेवासकर

मी जन्माने ख्रिस्ती आहे आणि आमचे घर अहिल्यानगर जिल्ह्यातील, वडाळा मिशनच्या परिसरातील. त्यामुळे या धाग्याकडे मी थोडा घरच्या नात्याने पाहतो. हे नाते खरोखरच आहे.

फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेत सेलम येथे पाच तरुणांना एकाच दिवशी मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्यांतील गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. आमच्या आजोबा-पणजोबांची मंडळी त्याच मिशनची. त्या पाचांतील ॲडोनिराम जडसन यांनी जहाजावर नव्या कराराचा अभ्यास करताना बालकांच्या बाप्तिस्म्याविषयीचे मत बदलले आणि कलकत्त्याला उतरल्यावर बाप्टिस्ट पद्धतीने पुन्हा बाप्तिस्मा घेतला. ल्यूथर राइस यांनीही त्यांचेच अनुकरण केले. या दोघांना पाठिंबा द्यायचा म्हणून १८१४ मध्ये फिलाडेल्फिया येथे अमेरिकन बाप्टिस्टांनी आपली मिशन संस्था उभारली, आणि तिनेच पुढे आसामात माणसे पाठवली. म्हणजे नगरची मंडळी आणि मोलुंगची मंडळी या एकाच घराच्या दोन पात्या आहेत; आमची काँग्रिगेशनल, त्यांची बाप्टिस्ट.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बाप्टिस्टांच्या मते तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होऊ शकत नाही. ज्याला समज आली आहे, ज्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला आहे, त्यालाच पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. मुलगा डीकनचा असो वा पाळकाचा, जन्माने तो मंडळीचा सभासद होत नाही. इंग्लंडहून हॉलंडला गेलेल्या जॉन स्मिथ यांनी १६०९ मध्ये ॲमस्टरडॅम येथे पहिली बाप्टिस्ट मंडळी स्थापली, तेव्हापासून हे तत्त्व चालत आले आहे. त्यामुळे ‘संस्थापक कुटुंबे’ हा शब्दप्रयोग बाप्टिस्ट मंडळीला काटेकोरपणे लागूच पडत नाही. मंडळी स्थापन केली ती चोवीस व्यक्तींनी, आणि प्रत्येकाने एकेकट्याने. डोंगरवाट यांचा कल मला म्हणूनच मान्य नाही.

तळटीप

नेवासकर यांनी सांगितलेले तत्त्व बिनचूक आहे, पण १८७२ ची चोवीस माणसे चार वर्षांत पांगली असती तर आज आपण हा धागा वाचत नसतो. मंडळी टिकली ती क्लार्क वर राहायला गेले म्हणून. १८७२ च्या डिसेंबरातील पहिल्या फेरीनंतरच आपले जीवितकार्य सापडल्याची त्यांची खात्री पटली होती. तरीही अमेरिकेतील संस्थेची संमती मिळवण्यात तीन वर्षांहून अधिक काळ गेला. आधी भाषा लेखी स्वरूपात नव्हती. त्यांनी आओ भाषा रोमन लिपीत बांधली, वाचनाची पुस्तके केली, शुभवर्तमानांची भाषांतरे केली. मेरी क्लार्क यांचे आओ व्याकरण १८९३ मध्ये आले आणि एडवर्ड क्लार्क यांचा आओ-इंग्रजी कोश १९११ मध्ये कलकत्त्याहून निघाला. एवढे चाळीस वर्षांचे काम करणाऱ्याचे नाव रकान्यात नसावे, हे मला पटत नाही.

माळरान

मला यात एक गोष्ट खटकते, ती स्पष्टच लिहितो. मिशनरी गेले आणि लोक ख्रिस्ती झाले, ही कथा आपण सरकारी छत्राखालची म्हणून वाचली पाहिजे. सत्ता इंग्रजांची होती. गोऱ्या माणसाला गावात घेणे ही डोंगरातल्या लोकांची राजकीय गरजही असू शकते. पंधरा कुटुंबे श्रद्धेने बाहेर पडली की संरक्षणासाठी, हे आपण कशावरून ठरवणार?

तळटीप

माळरान, इतर ठिकाणी आपला आक्षेप लागू पडेल; इथे तारखा त्याच्या विरुद्ध जातात. १८७३ च्या नियमाने सरकारने ‘इनर लाईन’ आखली आणि तिच्यापलीकडे ब्रिटिश प्रजेला परवान्याशिवाय जाण्यास बंदी केली. क्लार्क वर गेले ते स्वतःच्या जबाबदारीवर, कारण पलीकडे सरकारी संरक्षण मिळणार नव्हते. आओ प्रदेश ब्रिटिश अमलाखाली आला १८८९ मध्ये. म्हणजे बाप्तिस्म्यापासून सतरा वर्षे आणि नवे गाव बसल्यापासून तेरा वर्षे या लोकांवर कोणत्याही साहेबाचे राज्य नव्हते. संरक्षण हवे असते तर ती कुटुंबे जुन्या, भरवस्तीच्या, तटबंदीच्या गावातच राहिली असती.

गावठाण

तळटीप यांच्या शेवटच्या वाक्यावरच मला लिहायचे आहे, कारण प्रश्नाचा गाभा मला तिथे दिसतो.

आपल्याकडे गावाचे दोन भाग झाले की मोठे ते बुद्रुक आणि धाकटे ते खुर्द. भावकीत वाद होतो, ओढ्यापलीकडे नवी पांढरी वसते, नवे मारुतीचे देऊळ होते आणि दोन पिढ्यांनी पुन्हा सोयरिकी जुळतात. मोलुंगकिमोंग आणि मोलुंगयिमसेन यांच्याकडे मी प्रथम याच नजरेने पाहिले. पण फरक मोठा आहे. आपल्याकडे खुर्द वसवणाऱ्याला पाण्याची आणि जमिनीची काळजी असते, आपले डोके उद्या धडावर राहील की नाही याची नसते. त्या काळातील आओ गाव म्हणजे किल्लाच होता. डोंगरमाथा, भोवती कुंपण आणि खंदक, वेशीवर पहारा, आणि तरण्या पोरांचे शयनगृह म्हणजे मोरुंग, तेही वेशीलगत, कारण हल्ला आला तर पहिली फळी तीच. जेवढी घरे जास्त, तेवढे भाले जास्त. अशा गावातून पंधरा घरे निघतात तेव्हा जाणारे उघड्यावर पडतात, आणि मागे राहणाऱ्यांचेही बळ घटते. जुन्या गावाने या फुटीला विरोध केला तो धर्मद्वेषानेच केला, असे मानण्याचे कारण नाही.

आणखी एक. आओंमध्ये, विशेषतः चुंगली गटात, पोंगेन, लोंगकुमेर आणि जमीर ही तीन मोठी कुळे आहेत. स्वतःच्या कुळात लग्न करता येत नाही. म्हणून एकाच कुळाची पंधरा घरे बाहेर पडून चालत नाही. नव्या गावाला निरनिराळ्या कुळांची माणसे लागतात, नाही तर पुढच्या पिढीची लग्ने कुठे करायची? श्रद्धा एकेकट्याने कबूल करता येते, पण गाव एकेकट्याने वसवता येत नाही. बायको, म्हातारी आई, धान्याची कणगी, डुकरे, सगळे डोक्यावर आणि पाठीवर घेऊन जावे लागते. नेवासकर यांचे तत्त्व मला मान्य आहे. तरीही ते तत्त्व पाळणाऱ्यांना राहायला जागा या घरांनी करून दिली.

नेवासकर

गावठाण, हे मी या बाजूने पाहिले नव्हते. आमच्याकडेही पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती कुटुंबांना गावच्या विहिरीवर अडवले जाई, बलुते बंद होई आणि मग माणसे मिशनच्या आवारात येऊन राहत. तिथे जागा मिशनने दिली होती. इथे पंधरा घरांनी ती स्वतःच निर्माण केली, हा भेद महत्त्वाचा आहे.

बोरीबंदर

तुलनेसाठी एक उदाहरण देतो. याच अमेरिकन बाप्टिस्ट संस्थेचे दुसरे काम तेलुगू मुलखात ओंगोल येथे चालले होते. तिथली मंडळी १ जानेवारी १८६७ रोजी आठ सभासदांवर सुरू झाली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात जॉन क्लॉ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या एका टप्प्याचे कंत्राट घेऊन माणसांना काम दिले, पण मदतीच्या आशेने कोणी धर्मांतर करू नये म्हणून त्या काळात बाप्तिस्मा देणे थांबवले. दुष्काळ ओसरल्यावर ३ जुलै १८७८ या एका दिवसात गुंडलकम्मा नदीत २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. त्यांत बहुसंख्य मादिगा, म्हणजे चामड्याचे काम करणारी माणसे होती. तो दुष्काळ आपल्या दख्खननेही भोगला आहे.

एकीकडे एका दिवसात दोन हजारांवर, दुसरीकडे पूर्ण वर्षात चोवीस. ओंगोलला जातीने दाबलेला समाज बाहेर पडत होता, तर मोलुंगला आपल्या मुलखात स्वतंत्र असलेले योद्धे शस्त्र खाली ठेवत होते. संख्या लहान असली तरी मोलुंगच्या चोवीस जणांची किंमत मला कमी वाटत नाही.

माळरान

तारखांच्या बाबतीत तळटीप यांचे म्हणणे मान्य. गावठाण यांचे लिखाण वाचून श्रद्धेबद्दलचा माझा संशयही बराच कमी झाला. पण हिशेबाची दुसरी बाजूही लिहिली जावी. जे. पी. मिल्स हे मोकोकचुंगला अधिकारी होते आणि त्यांचा आओ नागांवरील ग्रंथ १९२६ चा आहे. ते स्वतः ख्रिस्ती असूनही त्यांनी मिशनवर कठोर टीका केली आहे. मोरुंग ओस पडले, मिथुनाचा, म्हणजे गव्यासारख्या डोंगरी जनावराचा, बळी देऊन गावजेवण घालण्याचा मानाचा विधी थांबला, तो विधी केल्यावरच अंगावर घेता येणाऱ्या शालींचा अर्थ हरवला, तांदळाची बिअर निषिद्ध ठरली, असे त्यांचे म्हणणे होते. मोरुंग ही नुसती झोपण्याची जागा नव्हती. पोरे तिथे गाणी, वंशावळ, विणकाम आणि शिस्त शिकत. संस्थापकांच्या रकान्याशेजारी ‘काय गेले’ असाही एक रकाना असावा.

रानजाई

तांदळाच्या बिअरचा उल्लेख आला म्हणून विचारते. नागालँडमध्ये आजही दारूबंदी आहे ना? तिचे मूळ याच मंडळीत आहे का?

डोंगरवाट

होय, नागालँडचा संपूर्ण दारूबंदी कायदा १९८९ चा आहे आणि त्यामागे बाप्टिस्ट चर्चचा आग्रह होता. मात्र सुरुवातीच्या मोलुंगमध्ये हा नियम इतका कडक नव्हता. क्लार्क यांचा भर मुंडकी आणणे सोडण्यावर, रविवार पाळण्यावर आणि वाचायला शिकण्यावर होता. १८९० नंतर आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी बिअर आणि अफू सोडणे ही सभासदत्वाची अट म्हणून कठोरपणे लावली. मिशनचे मुख्य ठाणे १८९४ मध्ये इम्पुरला हलले आणि काळही बदलला. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली, त्या वेळी झालेला वाद आपण सर्वांनी वाचला आहे. मोकोकचुंगला मी तोच वाद चर्चच्या पायऱ्यांवर, दोन्ही बाजूंनी, अतिशय सभ्य आवाजात चाललेला ऐकला आहे.

माळरान यांची सूचना मला मोलाची वाटते. ‘काय गेले’ हा परिच्छेद मी नोंदीत घालीन.

सूरपेटी

मी पुण्यात एका समूहगायन वर्गाला जाते. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीच्या लग्नासाठी मोकोकचुंग जिल्ह्यातील एका खेड्यात गेले होते, तो अनुभव इथे मांडते, कारण माळरान म्हणतात त्या ‘गेलेल्या’ गोष्टींबरोबर काय आले, तेही त्यात दिसते.

रविवारची सकाळ होती. दुकाने बंद, रस्ता रिकामा. चर्चमध्ये माझ्या शेजारी साठीच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या खांद्यावर लाल-काळ्या पट्ट्यांची शाल होती आणि तिला चुलीच्या धुराचा वास येत होता. त्यांच्या हातातील गीतपुस्तकात रेघांवरचे टिपके नव्हते. शब्दांच्या वर बारीक रोमन अक्षरे आणि मध्ये विसर्गासारखी टिंबे छापलेली होती. डी, आर, एम, एफ. मी चक्रावले आणि मग एकदम लक्षात आले की हे आपले सा, रे, ग, म आहे. षड्ज कुठेही धरा, नाती तीच राहतात. ही टॉनिक सोल्फा पद्धत इंग्लंडमध्ये सारा ग्लोव्हर आणि जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात रुळवली. बाईंनी नखाने दुसरी ओळ दाखवली, म्हणजे मी ती गावी. त्या स्वतः खालच्या स्वरात शिरल्या, मागच्या बाकावरच्या पुरुषांनी त्याहून खालचा स्वर धरला आणि कोणीही हात न हलवता चार पदरी गाणे उभे राहिले. वाद्य एकही नव्हते.

गोधुलाला झोपडीत कोंडले असताना लोक त्याचे गाणे ऐकायला आले, हे डोंगरवाट यांनी लिहिले आहे. ते वाचल्यावर मला ती सकाळ आठवली आणि हा प्रतिसाद लिहावासा वाटला.

शिळाछाप

छापखान्याबद्दल थोडे लिहितो. क्लार्क ज्या शिवसागरच्या छापखान्यावर आले, तिथूनच १८४६ पासून ‘अरुणोदय’ हे पहिले आसामी नियतकालिक निघत होते. त्यामागची परंपरा आणखी जुनी आहे आणि तिचे एक टोक मराठीत आहे. विल्यम केरी हे इंग्रज बाप्टिस्ट १८०० मध्ये बंगालमधील श्रीरामपूरला स्थायिक झाले. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ चे, मराठी कोश १८१० चा. वैजनाथ पंडित यांच्या मदतीशिवाय हे काम झाले नसते. १८१९ मध्ये त्याच श्रीरामपुरात नवा करार आसामीत छापला गेला. वैजनाथ पंडितांनी केरींना मराठी शिकवले, सुपोंगमेरेनने गोधुलाला आओ शिकवली. कोशावर नाव मात्र मिशनऱ्याचे असते. संस्थापकांचा विचार करताना भाषा देणाऱ्याला विसरू नये, एवढीच विनंती.

माळरान यांच्या रकान्यासाठी एक भर. आओंच्या चुंगली आणि मोंगसेन अशा दोन मुख्य बोली आहेत. मोलुंगची बोली चुंगली असल्यामुळे क्लार्कनी चुंगलीत लिहिले आणि तीच पुढे शाळेची, बायबलची आणि प्रार्थनेची भाषा झाली. मोंगसेन घरापुरती उरली. पहिली पंधरा घरे मोंगसेन बोलणारी असती, तर आज चित्र उलटे दिसले असते.

ओवी

सगळा धागा सावकाश वाचला. पहिल्या वाक्यापासून सर्वजण क्लार्क आणि गोधुला यांना तोलत आहेत. लूसी एका वाक्यात येऊन गेल्या आणि पुन्हा कोणी त्यांचे नाव घेतले नाही. १८७२ मध्ये, जिथे आपल्या नवऱ्याला हेर म्हणून कोंडले होते त्याच गावात, भाषा नीट येत नसताना, एक आसामी बाई संसार मांडते, हे लहान धाडस आहे का? एकटा पुरुष येतो तेव्हा तो हेर असू शकतो. बायकोला घेऊन येतो, चूल मांडतो, तेव्हा गाव त्याच्याकडे माणूस म्हणून पाहू लागते. पाणवठ्यावर लूसी रोज बायकांना भेटल्या असतील, आणि पहिल्या नऊ जणांच्या घरांत बोलणे कुठून सुरू झाले असेल, याचा विचार करावा.

मेरी क्लार्क १८७८ मध्ये वर गेल्या. त्यांनी मुलींना शिकवायला घेतले, तेव्हा डोंगरात मुलींनी अक्षर गिरवणे ही कल्पनाच नवी होती. त्यांचे आठवणींचे पुस्तक १९०७ मध्ये निघाले. आपण वर वाचले त्यातील बरेचसे, गोधुलाच्या झोपडीसुद्धा, तिने लिहून ठेवले म्हणून आपल्यापर्यंत आले.

गावठाण

ओवीताई, आपले म्हणणे शंभर टक्के मान्य. पंधरा कुटुंबे असे मी लिहिले, तेव्हा माझ्याही मनात पंधरा पुरुषच होते.

तळटीप

क्लार्क यांच्या बाजूने मी बोललो होतो, त्यात थोडी दुरुस्ती करतो. बाप्टिस्ट पद्धतीत प्रत्येक गावची मंडळी स्वायत्त असते. वर बिशप नसतो. पाळक निवडणे, सभासद घेणे किंवा काढणे, पैसा खर्च करणे, हे मंडळीच ठरवते. आओ गावाचा कारभारही पूर्वीपासून गावातल्याच पंचांच्या सभेकडे होता. वर राजा नव्हता. म्हणून ही पद्धत त्यांच्या अंगवळणी पडायला वेळ लागला नाही. क्लार्क १९११ मध्ये अमेरिकेला परतले आणि १९१३ मध्ये वारले. मंडळी थांबली नाही. २०११ च्या जनगणनेत नागालँडमधील जवळजवळ ८८ टक्के लोकांनी धर्म ख्रिस्ती नोंदवला आहे, त्यांत बाप्टिस्ट सर्वाधिक. परदेशी मिशनरी जाऊन कित्येक दशके लोटली तरी गावोगावच्या मंडळ्या उभ्या आहेत, हे क्लार्क यांच्या कामाचेही यशच आहे. तरीही त्यांना एकट्याला रकान्यात बसवणे आता मलाही योग्य वाटत नाही.

डोंगरवाट

इतक्या मनापासून लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. माझा प्रश्न सोपा नव्हता, कारण त्यात दोन प्रश्न गुंतले होते, हे नेवासकर आणि गावठाण यांच्यामुळे कळले. मंडळी एक, गाव दुसरे. मंडळी १८७२ ची, मोलुंगकिमोंगमधील, आणि तिची स्थापना व्यक्तींनी केली. नवे गाव १८७६ चे, आणि ते कुटुंबांनी वसवले. मी दोन्ही एकाच रकान्यात कोंबत होतो.

एक आठवण लिहितो. मोलुंगयिमसेनला मी गेलो होतो तेव्हा एका वृद्ध डीकनांच्या घरी बसलो होतो. काळा चहा, बांबूच्या कोंबाबरोबर शिजवलेले डुकराचे मांस, आणि चुलीवर टांगलेल्या फळीवर धुरात वाळणारी मक्याची कणसे. मी त्यांना विचारले की तुमचे घराणे त्या पहिल्या पंधरांपैकी आहे का. त्यांनी लगेच होय किंवा नाही म्हटले नाही. त्यांनी मला दाराबाहेर नेले आणि समोरच्या डोंगराकडे बोट दाखवून आमचे गाव ते, असे सांगितले. ते बोट जुन्या गावाकडे होते. दीडशे वर्षे होत आली, तरी ‘आमचे गाव’ म्हणताना त्यांचा हात तिकडे गेला. घरे सोडून आलेल्यांच्या घरात ते सोडलेले गाव असे जपलेले असेल, याची मला कल्पना नव्हती.

तर नोंदीतील मजकूर मी असा करतो आहे. “मंडळीची स्थापना: २३ डिसेंबर १८७२, मोलुंगकिमोंग. आओ भाषा शिकवणारे सुपोंगमेरेन, प्रचारक गोधुला, बाप्तिस्मा देणारे ई. डब्ल्यू. क्लार्क आणि गावातील पहिले चोवीस सभासद. नव्या गावाची वसाहत: २४ ऑक्टोबर १८७६, मोलुंगयिमसेन, जुन्या गावातून आलेली सुमारे पंधरा कुटुंबे.” त्याखाली माळरान आणि शिळाछाप यांनी सुचवलेला ‘काय गेले’ हा परिच्छेद येईल. कोणाला काही दुरुस्ती सुचवायची असेल तर शनिवारपर्यंत कळवावी, अंक सोमवारी छपाईला जातो.

ओवी

“प्रचारक गोधुला आणि लूसी” असे करावे. आणि मेरी क्लार्क यांचे नाव शाळेसह यावे.

डोंगरवाट

दोन्ही केले आहे. लूसी यांचे नाव गोधुलाच्या नावाला जोडून घातले आणि मेरी क्लार्क यांच्यासाठी शाळेची स्वतंत्र ओळ घातली, साल १८७८.